वजन बसलं, लांबी बसली नाही : एका पेटीचं प्रकरण आणि फोर्कलिफ्ट चालकांचं प्रशिक्षण

हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. वडाळा-शिवडी पट्ट्यातल्या कुठल्या एका गोदामाकडे बोट दाखवून ते लिहिलेलं नाही. पण यातला ओटा, उतार आणि गाडीच्या मागे चढून उभी राहणारी माणसं कधीच न पाहिलेला गोदामवाला मुंबईत शोधूनही सापडायचा नाही.

काय घडलं

जुलै महिना, दुपारपाळी संपत आलेली. ओट्याला चाळीस फुटी कंटेनर लागलेला. बाकी माल उतरला होता, आत एकच लाकडी पेटी उरली होती. आत गिअरबॉक्स, लांबी १८०० मिमी, रुंदी ११०० मिमी, बाहेर छापलेलं एकूण वजन २१०० किलो. पेटी कंटेनरच्या लांबीत ठेवलेली, म्हणजे दारातून तिची अरुंद बाजू समोर येत होती.

फोर्कलिफ्ट अडीच टनी, चारचाकी, बॅटरीवर चालणारी, काउंटरबॅलन्स जातीची, म्हणजे पुढच्या मालाला तोलायला मागच्या टोकाला जड वजन (काउंटरवेट) असलेली. चालकाचा हात अकरा वर्षांचा. सुपरवायझरने पेटीवरचा आकडा पाहिला, गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवरचा २५०० पाहिला आणि चारशे किलो शिल्लक आहेत असा हिशोब करून हात हलवला. प्लेटवर २५०० च्या शेजारी आणखी एक आकडा असतो. तिकडे कोणी पाहिलं नाही.

फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन लोखंडी दात, घातले, पेटी जमिनीवरून वीतभर उचलली. मागची चाकं टेकलेली होती, पण स्टिअरिंग एका बोटाने फिरायला लागलं. चालक थांबला. "मागून हलकी लागतेय," तो म्हणाला. हे वाक्य या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा पुरावा आहे. फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं. ते अचानक हलकं झालं म्हणजे मागच्या चाकांवरचा भार जवळजवळ संपला आणि गाडी पुढच्या चाकांवर तोलली गेली. गाडीने तिच्या भाषेत नाही म्हटलं होतं.

मुकादमाने नेहमीचा उपाय केला. "मागं दोन पोरं उभी करतो, तू हळू घे." दोन माथाडी काउंटरवेटवर चढले, ओव्हरहेड गार्डचे, म्हणजे चालकाच्या डोक्यावरच्या संरक्षक छताचे, खांब धरले. स्टिअरिंगला पुन्हा जरा वजन आलं. गाडी कंटेनरमधून ओट्यावर आली आणि सपाटीवर काहीच झालं नाही. इथेच सगळ्यांची खात्री पटली.

पेटी खालच्या बेमध्ये, म्हणजे माल ठेवण्याच्या जागेत, न्यायची होती. मधला उतार १२ मीटर लांब, खाली येणं १.२ मीटर, म्हणजे दहाला एक. पावसाने ओला, काँक्रीटवरच्या खाचा झिजून गुळगुळीत झालेल्या. भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्समध्ये उतरवायची, माल कायम चढाच्या बाजूला, हे चालकाला माहीत होतं. पण मागे दोन माणसं उभी. रिव्हर्स घेतली तर दिसणार काय, आणि ती माणसं उताराच्या बाजूला लटकणार. म्हणून त्याने तोंड पुढे करूनच उतरायला घेतलं. एका चुकीच्या उपायाने दुसरी चूक करायला असं जवळजवळ भाग पाडलं.

एक तृतीयांश उतार गेला आणि खाली एक टेम्पो मागे येताना दिसला. चालकाने ब्रेक दाबला. मागची चाकं उचलली. दोघांनी उड्या मारल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं वजनही गेलं. गाडी पुढे वाकली, फोर्कची टोकं काँक्रीटला टेकली, पेटी घसरून कोपऱ्यावर पडली. माल सुटताच गाडीचा मागचा भाग धाडकन खाली आला. उडी मारलेल्यांपैकी एकाच्या घोट्याला मार बसला. त्याचा पाय हातभर आत असता तर तो काउंटरवेटखाली गेला असता. चालकाची छाती स्टिअरिंगवर आपटली, कारण सीटबेल्ट सीटखाली दडपलेला होता.

अहवालात पहिली ओळ अशी : चालकाचा निष्काळजीपणा. दुसरी ओळ : समज देण्यात आली. बहुतेक अहवाल इथेच संपतात आणि पुढच्या जुलैत तीच पेटी पुन्हा येते.

पेटीचा हिशोब

प्लेटवर २५०० किलो असतं ते ५०० मिमी लोड सेंटरला. लोड सेंटर म्हणजे फोर्कच्या उभ्या तोंडापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर. मीटरभर खोल (खोली म्हणजे फोर्कच्या दिशेने मोजलेली मालाची लांबी) पॅलेट, सारखा भरलेला, फोर्कच्या मुळाशी टेकलेला असेल तर ते अंतर बरोबर ५०० येतं. पेटी १८०० मिमी खोल होती, तेव्हा ९०० झालं.

तराजू समजा. टेकू म्हणजे पुढच्या चाकांचा आस, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला गाडी. या गाडीत आसापासून फोर्कच्या तोंडापर्यंत ४५० मिमी. कंपनीने कबूल केलेला तोल : २५०० × (४५० + ५००) = २३,७५,००० किलो-मिमी. लोड सेंटर ९०० झालं की २३,७५,००० भागिले १३५०, म्हणजे साधारण १७६० किलो.

इथे अजून एक चोर आहे. गाडीला नंतर साइड शिफ्टर, म्हणजे फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड, बसवलेला होता. त्याचं स्वतःचं वजन ७० किलो आणि त्याच्या जाडीमुळे फोर्क ६० मिमी पुढे गेलेले. तोलातून त्याचे सुमारे ३३,६०० वजा करायचे आणि अंतर ४५० ऐवजी ५१० धरायचं. उत्तर येतं १६६० किलो. शिफ्टर बसवला तेव्हा प्लेट बदलली नाही, म्हणून ती २५०० च सांगत राहिली. म्हणजे पेटी चारशे किलो कमी नव्हती, ४४० किलो जास्त होती.

मागच्या दोन माणसांचं काय? दोघं मिळून १३० किलो, पुढच्या आसापासून साधारण दोन मीटर मागे. तोलात भर २,६०,०००. त्याने मालाच्या बाजूला १८४ किलो वाढले. तरीही अडीचशे किलोंची तूट राहिलीच. मग सपाटीवर गाडी का पालथी पडली नाही? कारण प्लेटवरचा आकडा म्हणजे पालथं पडण्याची सीमा नसते. ब्रेक, उतार, खड्डा, उंच मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) यांच्यासाठी उत्पादक काही शिल्लक राखून ठेवतो. सपाटीवरच ती शिल्लक खर्च झाली, उतारावर ब्रेक दाबला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. शिवाय जे वजन उडी मारू शकतं ते काउंटरवेट नव्हे.

आता या हिशोबातला सर्वात बोचरा भाग. तीच पेटी लांब बाजूने उचलली असती तर लोड सेंटर ५५० मिमी, आणि त्याच गाडीची क्षमता जवळजवळ २२०० किलो. २१०० ची पेटी काठावर का होईना, बसत होती. फोर्कची लांबीही पुरली असती. हे फोर्क १०७० मिमीचे होते. मालाच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश लांबीचे फोर्क हवेत, म्हणजे १८०० ला १२०० लागतात, ११०० ला १०७० भरपूर. अडचण एवढीच की कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर, तिथे गाडी आडवी होत नाही. म्हणजे पेटी आधी ओट्यावर आणायची, वळवायची, मग उचलायची. पाइपाचे रोलर आणि पहार घेऊन जड पेटी सरकवणं माथाडी टोळीला कोणी शिकवायला नको, ती त्यांची जुनी विद्या. उत्तर गाडीच्या मागे उभं होतं. त्याला वजन म्हणून वापरलं, कारागीर म्हणून नाही.

(असा हिशोब वर्गात समजण्यासाठी करायचा. क्षमता वाढवून घेण्यासाठी त्याचा उपयोग करू नये. शेवटचा शब्द उत्पादकाच्या लेखी आकड्याचा.)

आधीचं प्रशिक्षण कुठे कमी पडलं

चालकाकडे प्रमाणपत्र होतं. दोन तास स्लाइड, दहा प्रश्न, फोटो, लॅमिनेशन. त्यात हेल्मेट होतं, हॉर्न होता, 'सुरक्षा प्रथम' होतं. मोजायची टेप नव्हती. बऱ्याच ठिकाणी याच्या जोडीला आरटीओचं लायसन्स पाहून समाधान मानतात. पण ते रस्त्यावर वाहन चालवण्याची परीक्षा घेतं, पेटीची खोली मोजण्याची नाही. गाडी चालवता येणं आणि माल वाचता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. अकरा वर्षांत पहिलं पक्कं झालं होतं, दुसरं कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि निर्णय चालकाचा नव्हताच. तो थांबला होता. पुढे जा म्हणणारे दोघे, सुपरवायझर आणि मुकादम, यांना कधी कुठल्या वर्गात बसवलं नव्हतं. म्हणून नवीन आखणीत पहिला दिवस त्या दोघांचा ठेवला, अर्धाच, पण चालकांच्या आधी.

नवीन आखणी

सहा चालक, तीन-तीनच्या दोन तुकड्या. एका गाडीवर, एका प्रशिक्षकापुढे तिघांपेक्षा जास्त घेतले की चौथा माणूस नुसता चहा पितो.

चालकांच्या पहिल्या दिवशी किल्लीला हात लावायचा नाही. प्लेट, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर. गोदामातलेच दहा माल निवडायचे : ५० किलोच्या वीस गोण्यांची थप्पी, चार ड्रमांचा पॅलेट, कागदाचा रोल, लांब पेटी. चालकाने आधी वजन आणि खोली तोंडी सांगायची, मग मोजायचं. चुका ठरावीक होतात. मोठा दिसणारा माल जड आणि छोटा हलका समजला जातो, उंची सगळे पाहतात, खोली कोणी पाहत नाही. ड्रम दोनशे लिटरचा म्हणून दोनशे किलो धरतात, पण आत पाण्यापेक्षा जड द्रव असेल तर चार ड्रमांत मोठा फरक पडतो. पेटीवर गुरुत्वमध्याची खूण असेल तर ती शोधायची. यंत्राची पेटी एका बाजूला जड असली की निम्मी खोली धरून केलेला हिशोब फसतो.

यातून एक कार्ड तयार होतं, स्टिअरिंगजवळ अडकवायचं. या गाडीसाठी वर्गात आलेले आकडे, खालच्या पूर्ण आकड्यावर आणलेले : १ मीटर खोल माल २३०० किलो, १.२ मीटर २१००, १.५ मीटर १८५०, १.८ मीटर १६५०. तेही मास्ट खाली असताना. उंच रॅकला क्षमता आणखी घटते, त्याची वेगळी ओळ प्लेटवर असते. हे आकडे उत्पादकाकडून लेखी तपासून घेतल्यावरच कार्ड लावायचं.

दुसरा दिवस रिकाम्या गाडीचा. नवशिक्यांची चूक ठरलेली : मोटारीच्या सवयीने पुढचं तोंड वळवायला जातात आणि मागचं ढुंगण रॅकला किंवा माणसाला लागतं. हे सांगून पटत नाही. चारही टायर पाण्याने भिजवायचे, कोरड्या जमिनीवर काटकोनात वळायला सांगायचं आणि खाली उतरून ओले पट्टे पाहायला लावायचं. मागचं चाक पुढच्याच्या किती बाहेरून गेलं ते दिसतं, आणि काउंटरवेट त्याच्याही बाहेर असतं. ही पाच मिनिटं दहा स्लाइडना भारी.

मग उतार. भरलेली गाडी चढताना तोंड पुढे, उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तर उलट, फोर्क कायम उताराच्या बाजूला. उतारावर वळायचं नाही, आडवं थांबायचं नाही. फोर्क जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर, मास्ट मागे कललेला. आधी वाळूच्या गोण्यांचे ५०० किलो घेऊन कोरड्यात, मग उतारावर पाणी मारून. ओल्यात ब्रेकचं अंतर किती वाढतं ते प्रत्येकाने खडूने आखून पाहायचं. मुंबईत चार महिने हाच उतार असतो, कोरड्या दिवशी दिलेली परीक्षा अर्धीच.

गाडी आडवी पडायला लागली तर काय, हा सराव उभ्या, बंद गाडीवर करायचा. सीटबेल्ट लावलेला, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडण्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवायचं. उडी नाही. शरीराला उडीच सुचते, आणि उडी मारणारा बहुतेक वेळा पडणाऱ्या ओव्हरहेड गार्डखाली सापडतो. म्हणून प्रत्येकाकडून दहा वेळा करून घ्यायचं, हसू येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी ओटा आणि कंटेनर. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक, आणि ट्रेलरची किल्ली गोदामाच्या हुकवर, ड्रायव्हरच्या खिशात नाही. बाहेरच्या उजेडातून कंटेनरच्या अंधारात शिरताना दोन क्षण थांबून हॉर्न. बॅटरीचा पाठही याच दिवशी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून जागा हवेशीर आणि बिडी-सिगारेट दूर. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरायचं, आधी काठोकाठ भरलं तर आम्ल उतू जातं. आणि एक गोष्ट मेकॅनिकलाही सांगायला हवी : बॅटरी हा काउंटरवेटचाच भाग. जुनी काढून हलकी लिथियम बसवली आणि भरपाईचं वजन टाकलं नाही, तर प्लेट पुन्हा खोटी पडते.

सकाळची तपासणी

तपासणीचा कागद या गोदामात आधीही होता. महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच हाताने तीस दिवसांच्या खुणा. यावर उपाय सोपा निघाला. 'ठीक' हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी असं लिहायचं जे गाडीजवळ गेल्याशिवाय लिहिता येत नाही : अवर मीटरचं (गाडी चालल्याचे तास मोजणाऱ्या मीटरचं) रीडिंग, बॅटरीची टक्केवारी, टायरवरच्या कापाची जागा, खाली तेलाचा डाग आहे का आणि कशाखाली. दहा मिनिटांचं काम.

फोर्कची टाच, म्हणजे जिथे फोर्क काटकोनात वळतो ती जागा, महिन्यातून एकदा कॅलिपरने मोजायची. फोर्क जमिनीला घासत नेण्याची खोड असली की झीज तिथेच होते. मूळ जाडीच्या १० टक्के झीज झाली की फोर्क बाद, कारण तेवढ्यानेच त्याची ताकद सुमारे २० टक्क्यांनी घटते. टाचेला तडा दिसला तर वेल्डिंग करून चालवायचं नाही. दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक फोर्कच्या लांबीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, इथे १०७० ला साधारण ३२ मिमी. मास्टची साखळी ताणून मोजायची, ३ टक्के वाढली की बदलायची. साखळीवर हात फिरवून पाहू नये, हे वेगळं सांगावं लागतं.

परीक्षा आणि त्यानंतर

परीक्षेत गुण आहेत, पण चार गोष्टींना गुण नाहीत, थेट नापास : सीटबेल्ट नाही, फोर्कखाली माणूस, गाडीवर दुसरा माणूस, खोली न मोजता अनोळखी माल उचलणं. पास झाल्यावर दोन आठवडे जुन्या चालकाच्या नजरेखाली. अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षा यंत्रणा) नियमात दर तीन वर्षांनी चालकाचं पुन्हा मूल्यमापन आहे, आणि अपघात झाला, थोडक्यात टळला किंवा गाडी बदलली तर त्याआधीच पुन्हा प्रशिक्षण. आपल्याकडे फोर्कलिफ्टसारख्या यांत्रिक ट्रकांच्या सुरक्षेसाठी आयएस ६३०५ हे भारतीय मानक आहे, फॅक्टरीत उचलण्याच्या यंत्रांना नोव्हेंबर २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २९ लागत असे. गोदामवाला "आमची फॅक्टरी नाही" म्हणतो. नसेल. उतार तोच आहे. मुंबईसाठी तीन वर्षं लांब वाटतात, दर वर्षी मेअखेर, पावसाच्या तोंडावर अर्धा दिवस उताराचा सराव घेणं बरं.

काय बदललं, काय नाही

काउंटरवेटवर 'येथे उभे राहू नये' रंगवलं. त्याने काहीच झालं नाही, पंधरा दिवसांत अक्षरांवर बुटांचे ठसे. खरा बदल एका वहीने केला. चालकाने माल नाकारला की सुपरवायझरने वहीत कारण लिहायचं आणि सही करायची. सही सुपरवायझरची, म्हणून उशिराचा प्रश्न चालकाला कोणी विचारत नाही. तशीच एक लांब पेटी पुन्हा आली तेव्हा टेप निघाली, वहीत नोंद झाली, टोळीने पाइप आणि पहारी आणल्या. पेटी ओट्यावर आली, वळली, लांब बाजूने उचलली गेली. सरळ दहा मिनिटांचं काम पाऊण तासाचं झालं.

हा पाऊण तास कोणाच्या खात्यात हे मात्र सुटलेलं नाही. माथाडी कायदा १९६९ चा, मजुरी बोर्डामार्फत, पण टोळीचा हिशोब मालाच्या टनावर. थांबलं की टोळीचं नुकसान, कंटेनर उशिरा गेला की मालकाला डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याचा दंड. मुकादमाचं म्हणणं साधं आहे : "साहेब, पेटी वळवायची मजुरी वेगळी लावा, मग मागं कोण चढतंय बघू." यात खोट काढता येत नाही. रोलर लावण्याचा दर ठरवणं हाही प्रशिक्षणाच्या खर्चातलाच आकडा समजायला हवा, आणि या गोदामात तो अजून 'विचाराधीन' आहे.

शिफ्टरसह नवीन प्लेट उत्पादकाकडून आली, रिव्हेट मारून बसवली. सगळी इंग्रजीत, बारीक अक्षरांत. चालकांनी तिच्या शेजारी मास्टच्या कडेला पांढऱ्या रंगाने स्वतःच लिहून घेतलंय : १ मीटर – २३००. त्याखाली, जरा वाकड्या अक्षरात : टेप डब्यात.